मांजराच्या पिल्लाचे लसीकरण : पहिली लस पुरेशी नाही

प्रतिनिधी

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. या भटकंतीत कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर, तर कुणाच्या गॅलरीतील रिकाम्या खोक्यात पिल्ले मुक्काम करतात आणि त्यांतील एखादे त्या घरातच राहून जाते. मुलांना लळा लागतो, बशीभर दूध ठेवले जाते, नाव ठेवले जाते. जागरूक कुटुंब असेल तर पिल्लाला पशुवैद्यकाकडे नेऊन एक इंजेक्शनही दिले जाते. लसीकरणाचे कार्ड कपाटात ठेवून सर्व जण निश्चिंत होतात. मग दीड-दोन महिन्यांनी एके दिवशी पिल्लू खाणे सोडते, उलट्या करू लागते आणि दोन दिवसांत दगावते. बाहेर काहीतरी विषारी खाल्ले असावे, असे शेजारी म्हणतात. लस तर दिली होती, मग असे कसे झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कार्डावरच असते. लसीचा पहिला डोस दिलेला असतो, पुढचे डोस राहून गेलेले असतात. मांजराच्या पिल्लाच्या बाबतीत पहिला डोस ही केवळ सुरुवात असून, वयाचे १६ आठवडे पूर्ण झाल्यानंतर दिला जाणारा डोस हा सर्वांत महत्त्वाचा असतो. तो चुकला तर आधीचे डोस निष्फळ ठरण्याची शक्यता असते. असे का होते आणि लसीकरण सुरक्षितपणे पार पाडण्यासाठी काय करावे, याची ही माहिती.

कोणत्या आजारांसाठी लस?

मांजरांना सर्वसाधारणपणे दिली जाणारी मुख्य लस त्रिगुणी आहे. बोलीत तिला 'ट्रायकॅट' म्हटले जाते. एकाच इंजेक्शनातून तीन विषाणूंविरुद्ध ती संरक्षण देते.

पहिला आणि सर्वांत घातक आजार म्हणजे पॅनल्युकोपेनिया. 'मांजरांचा पार्व्हो' या नावानेही तो ओळखला जातो. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि आतड्याच्या आतील अस्तराचा नाश होतो. ताप, मलूलपणा, उलट्या, जुलाब ही त्याची लक्षणे. पिल्लू पाण्याच्या भांड्याशी मान खाली घालून बसते, पण पाणी पीत नाही. लस न मिळालेल्या लहान पिल्लांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. काही वेळा लक्षणे दिसण्यापूर्वीच पिल्लू दगावते. विषाणूवर थेट औषध नाही. शिरेतून द्रव देणे, उलट्या थांबवणे आणि जिवाणूंचा दुय्यम संसर्ग रोखणे एवढेच पशुवैद्यकाच्या हाती असते. हा विषाणू माणसाला बाधत नाही. मात्र माणसाच्या चपला, कपडे आणि हातांवरून तो घरात येऊ शकतो. म्हणूनच 'आमचे मांजर घराबाहेर जातच नाही' हे लस टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा हर्पीस आणि तिसरा कॅलिसी विषाणू. या दोहोंमुळे शिंका, नाक वाहणे, डोळे चिकटणे, ताप असा सर्दीसारखा आजार होतो. हर्पीसमुळे डोळ्याच्या बुबुळावर जखमा होऊन दृष्टी जाऊ शकते. कॅलिसीमुळे जिभेवर व्रण पडतात आणि पिल्लू खाईनासे होते. हर्पीसचा संसर्ग एकदा झाला की विषाणू शरीरात आयुष्यभर दडून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. पॅनल्युकोपेनियाविरुद्धची लस अत्यंत प्रभावी असते. हर्पीस व कॅलिसीविरुद्धची लस आजाराची तीव्रता कमी करते, पण संसर्ग पूर्णपणे रोखेलच असे नाही. लस घेतलेले मांजर शिंकताना दिसले म्हणून लस वाया गेली असे समजू नये.

चौथा आजार रेबीज. त्याची लस त्रिगुणी लसीहून वेगळी असते. रेबीज हा भारतात कायम वास्तव्य असलेला आजार असल्याने येथील प्रत्येक मांजरासाठी ही लस आवश्यक मानली जाते.

याखेरीज मांजरांतील ल्युकेमिया विषाणूविरुद्धही लस आहे. जेथे हा विषाणू आढळतो तेथे वर्षाच्या आतील पिल्लांना, तसेच बाहेर फिरणाऱ्या मोठ्या मांजरांना ती द्यावी, असे जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ती देण्यापूर्वी रक्ताची चाचणी करतात. लस सर्वत्र उपलब्ध असतेच असे नाही. त्यामुळे याबाबत आपल्या पशुवैद्यकाशी चर्चा करणे इष्ट.

चीक आणि मधला धोक्याचा काळ

गाय व्याल्यानंतर ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक मांजरीलाही येतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच पिल्लाच्या आतड्यांतून या चिकातील प्रतिपिंडे रक्तात शिरतात. त्यानंतर ते द्वार बंद होते. आईकडून मिळालेली ही शिदोरी पिल्लाचे सुरुवातीचे काही आठवडे रक्षण करते आणि मग हळूहळू संपते.

अडचण अशी की, ही प्रतिपिंडे जशी आजाराच्या विषाणूला अडवतात, तशीच ती लसीतील विषाणूलाही अडवतात. आईची प्रतिपिंडे रक्तात भरपूर असताना दिलेली लस पिल्लाच्या शरीराला काही शिकवण्याआधीच निष्प्रभ होते. दुसरीकडे, प्रतिपिंडे ओसरत असताना एक काळ असा येतो की, ती लसीला अडवण्याइतकी शिल्लक असतात, परंतु खऱ्या आजाराला अडवण्याइतकी उरलेली नसतात. काही दिवसांचा वा आठवड्यांचा हा मधला काळ पिल्लाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा होय.

हा काळ नेमका केव्हा येतो, ते बाहेरून पाहून ओळखता येत नाही. चीक पुरेसा न मिळालेल्या पिल्लात तो सहाव्या आठवड्यातच येऊ शकतो, तर भरपूर प्रतिपिंडे मिळालेल्या पिल्लात १६ आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. क्वचित त्याहूनही पुढे. एकाच विणीतील दोन पिल्लांतही फरक असतो. यावर उपाय एकच. सहा ते आठ आठवड्यांपासून ठरावीक अंतराने लस देत राहणे आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आत कधीही न थांबवणे. अनेकदा डोस देण्यामागे 'ताकद वाढवणे' हा हेतू नसतो. ज्या क्षणी आईचे संरक्षण संपेल त्याच्या शक्य तितक्या जवळ लस पोहोचावी, हा असतो.

आधी वय निश्चित करा

वेळापत्रक वयावर बेतलेले असल्याने वयाचा अंदाज अचूक हवा. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. तरी काही खुणांवरून वय सांगता येते. पिल्लाचे डोळे सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान उघडतात. पुढचे बारीक दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून डोळ्यांचा निळसर रंग बदलू लागतो. आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे सर्व दात आलेले असतात. पुढचे कायमचे दात साडेतीन ते चार महिन्यांच्या सुमारास येतात.

वजनाचाही उपयोग होतो. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते. सुदृढ पिल्लू महिन्याचे झाले की ४०० ते ४५० ग्रॅम आणि आठ आठवड्यांचे झाले की ८०० ते ९०० ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ते सहज मोजता येते. कुपोषित पिल्लाचे वजन मात्र फसवे असते. तेथे दातांवर अधिक विश्वास ठेवावा. अंदाज चुकण्याची शंका असल्यास पिल्लू आहे त्यापेक्षा लहान आहे असे धरून अखेरचा डोस ठरवणे सुरक्षित. म्हणजे तो १६ आठवड्यांच्या आत पडण्याचा धोका राहत नाही.

वेळापत्रक कसे असावे?

उदाहरणार्थ, १ जून रोजी जन्मलेल्या पिल्लाचे त्रिगुणी लसीकरण चार आठवड्यांच्या अंतराने करायचे ठरल्यास तारखा पुढीलप्रमाणे येतील :

पहिला डोस, ८ आठवडे पूर्ण : २७ जुलै
दुसरा डोस, १२ आठवडे पूर्ण : २४ ऑगस्ट
तिसरा डोस, १६ आठवडे पूर्ण : २१ सप्टेंबर
पुढील डोस, २६ आठवडे पूर्ण : ३० नोव्हेंबर

दोन डोसांतील अंतर दोन ते चार आठवड्यांचे असू शकते. दोन आठवड्यांहून कमी अंतराने लस देऊ नये. जेथे पुष्कळ मांजरे एकत्र राहतात अशा निवाऱ्यांत संसर्गाचा धोका मोठा असतो. तेथे चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, २० आठवड्यांपर्यंत लस देण्याची पद्धत आहे. मात्र जिवंत, क्षीण केलेले विषाणू असलेली लस चार आठवड्यांहून लहान पिल्लाला वा गाभण मांजरीला देत नाहीत. मेंदूच्या ज्या भागावर शरीराचा तोल अवलंबून असतो, तो भाग अशा वेळी पिल्लात नीट वाढत नाही.

सहा महिन्यांच्या सुमारास द्यावयाच्या डोसाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. पूर्वी १६ आठवड्यांनंतरची लस वर्षभराने देत. परंतु आईची प्रतिपिंडे क्वचित १६ आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली असतात. अशा पिल्लाला तिन्ही डोस मिळूनही ते वर्षभर असुरक्षित राहते. त्यामुळे हा डोस २६ आठवड्यांवर आणावा, अशी शिफारस आता केली जाते. त्यानंतर पॅनल्युकोपेनियाच्या लसीचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. घरातच राहणाऱ्या, धोका कमी असलेल्या मांजराला ही त्रिगुणी लस तीन वर्षांतून एकदा पुरते. बाहेर फिरणाऱ्या वा इतर मांजरांच्या सहवासात येणाऱ्या मांजराला सर्दीच्या विषाणूंसाठी दरवर्षी लस द्यावी लागू शकते.

रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण झाल्यानंतर देतात. वरील उदाहरणात ती २४ ऑगस्टला किंवा त्यानंतर देता येईल. धोका अधिक असलेल्या भागांत दोन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस देण्याचा सल्ला दिला जातो. त्यानंतर एक वर्षाने बूस्टर आणि पुढे लसीच्या उत्पादकाने नमूद केलेल्या मुदतीनुसार. आपल्याकडे बहुतेक पशुवैद्यक ती दरवर्षी देतात.

एखादा डोस ठरलेल्या तारखेला चुकला तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नये. शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकाकडे जावे. शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर पडेल हे मात्र पाहावे. चार महिन्यांहून मोठे आणि पूर्वीची कोणतीही माहिती नसलेले मांजर घरी आले असेल, तर त्याला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने त्रिगुणी लसीचे दोन डोस आणि रेबीजची लस देतात.

लसीआधी जंतांचा बंदोबस्त

मांजरीच्या पिल्लांना गोल जंत बहुधा आईच्या दुधातूनच मिळतात. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पण पाठीचा कणा हाताला लागतो, असे पिल्लू दिसले तर जंतांची शंका घ्यावी. जंतांनी पोखरलेले, अशक्त पिल्लू लसीला हवा तसा प्रतिसाद देईलच असे नाही. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आईचे दूध सुटल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत, आणि मग सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा जंतनाशक द्यावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते. म्हणून प्रत्येक वेळी पिल्लाचे वजन करणे आवश्यक. हे जंत माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, बाधू शकतात. पिल्लाची विष्ठा काढल्यानंतर हात साबणाने धुण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

पिसवा झाल्या असतील तर कुत्र्यांसाठीचे औषध मांजराला कदापि लावू नये. त्यांतील काहींत असणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते. तसेच अंगात ताप वाटतो म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तुकडाही, मांजराला देऊ नये. ती त्याच्यासाठी विष आहे.

दवाखान्यात नेताना

मांजराला कापडी पिशवीत वा हातात धरून दुचाकीवरून नेण्याचा प्रकार सर्रास दिसतो. हॉर्नच्या आवाजाने बिथरलेले पिल्लू उडी मारून पळाले की पुन्हा सापडत नाही. झाकणाची, हवेशीर टोपली किंवा प्रवासी पिंजरा वापरावा. तो आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवून त्यात मऊ फडके आणि खाऊ ठेवला, तर पिल्लू स्वतःहून त्यात झोपू लागते. प्रवासात पिंजऱ्यावर पातळ कापड टाकावे. पिल्लाला उपाशी ठेवण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी थोडे खाणे द्यावे.

दवाखान्यात आजारी प्राणीही आलेले असतात. टोपली जमिनीवर न ठेवता मांडीवर घ्यावी, दुसऱ्याच्या मांजराला हात लावून आपल्या पिल्लाला हात लावू नये. गर्दीची वेळ टाळून आधी वेळ ठरवून गेल्यास थांबावे लागत नाही.

पिल्लाला ताप, उलट्या, जुलाब असतील किंवा डोळ्यानाकातून स्राव येत असेल तर त्या दिवशी लस बहुधा पुढे ढकलली जाते. त्यामुळे गेल्या आठवड्यातील खाणे, शौच, खोकला-शिंका यांची खरी माहिती पशुवैद्यकाला द्यावी. लस आजच्या आजच उरकून घ्यावी या घाईने लक्षणे लपवणे पिल्लाच्याच अंगाशी येते.

लस टोचताना काय पाहावे?

लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात साठवावी लागते. उष्णतेने ती निकामी होते आणि गोठल्यानेही अनेक लसी बिघडतात. उन्हाळ्यात वीज जाण्याचे प्रकार होतात, अशा वेळी ही शीतसाखळी टिकली की नाही हे दुकानातून लस विकत घेणाऱ्या ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून लस स्वतः विकत आणून घरी टोचण्याचा मोह टाळावा. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर काही मिनिटांत इंजेक्शन द्यावे लागते आणि ते घरी उपलब्ध नसते.

त्रिगुणी लस अनेकदा कोरड्या वडीच्या स्वरूपात असते आणि आयत्या वेळी तिच्यात द्रव मिसळतात. मिसळल्यानंतर ती लगेच वापरावी लागते. लसीची कुपी आपल्यासमोर उघडली जावी, अशी विनंती करण्यात संकोच नको. कुपीवरील वेष्टण कार्डावर चिकटवून घ्यावे. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत असते. शेजारी तारीख, पिल्लाचे वजन आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक असावा. पुढील डोसाची तारीख तेथेच लिहून घ्यावी आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदवावी.

'पिल्लू लहान आहे, अर्धीच लस द्या' असा आग्रह काही जण धरतात. तो चुकीचा आहे. जंतनाशकाप्रमाणे लसीची मात्रा वजनावर अवलंबून नसते. पाऊण किलोच्या पिल्लाला आणि पाच किलोच्या बोक्याला लस सारखीच लागते. एक कुपी दोन पिल्लांत वाटणे म्हणजे दोघांनाही असुरक्षित ठेवणे होय. त्याचप्रमाणे कुत्र्याच्या पार्व्होची लस मांजराला चालेल, असे समजू नये. मांजरासाठी तयार केलेलीच लस द्यावी.

लस मांजराला कातडीखाली टोचतात. पूर्वी ती मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये देत. आता शक्यतो पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत देण्याची शिफारस केली जाते. त्याचे कारण पुढे येते.

लसीनंतरचे दोन दिवस

लस दिल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. तोंडावर सूज, अंगाला खाज, लागोपाठ उलट्या, धाप लागणे, हिरड्या पांढऱ्या पडणे यांपैकी काही दिसले तर ती तीव्र प्रतिक्रिया असू शकते. ती क्वचित येते. पण आली तर क्षणाचाही विलंब नको. घरी पोहोचल्यावर अशी लक्षणे दिसली तरी लगेच परत न्यावे. प्रतिक्रिया आल्याची नोंद कार्डावर ठळकपणे करून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी काळजी घेता येते.

याउलट एक-दोन दिवस पिल्लू सुस्त राहणे, थोडे कमी खाणे, अंग किंचित गरम लागणे, टोचलेल्या जागी दुखणे ही लक्षणे स्वाभाविक आहेत. कधी कधी पिल्लू दिवसभर लंगडते, तेही बरे होते. त्याला उबदार, शांत जागी झोपू द्यावे. मुलांना खेळवू देऊ नये, आंघोळ घालण्याची घाई करू नये. दोन दिवसांनंतरही पिल्लू खात नसेल तर मात्र लसीचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. लहान पिल्लाला उपाशी राहणे फार काळ सोसत नाही.

टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ येऊ शकते आणि काही आठवड्यांत ती जिरते. अत्यंत थोड्या मांजरांत, अंदाजे दहा हजार लसींमागे एखाद्या वेळी, तेथे कर्करोगाची गाठ होते. लस व ही गाठ यांचा संबंध १९९१ मध्ये अमेरिकेत प्रथम मांडण्यात आला. मानेमागील गाठ पूर्णपणे काढणे कठीण असते. पायात वा शेपटीत झाल्यास शस्त्रक्रियेने मांजर वाचवता येते. म्हणून जागेचा हा बदल. मालकांसाठी तीन-दोन-एक हे सूत्र सोपे आहे. गाठ तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा लसीनंतर एक महिना उलटल्यावरही वाढत राहिली, तर तपासणी करून घ्यावी. या धोक्याच्या भीतीने लसच टाळणे मात्र शहाणपणाचे नाही; पॅनल्युकोपेनियाने वा रेबीजने होणाऱ्या मृत्यूच्या धोक्यापुढे तो अगदी लहान आहे.

रेबीज : प्रश्न घरातील माणसांचाही

रेबीज म्हटले की आपल्यासमोर कुत्रा येतो. पण रेबीज झालेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही हा आजार घरात आणू शकते आणि मांजर तर मुलांच्या कुशीत झोपते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलाला लस देण्यास प्रारंभ केला आणि तो वाचला. पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळला जातो. लस हाती येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्याकडे या आजाराने माणसे मरतात, हे विसरता येत नाही.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा रक्त येईल असे ओरखडले, तर 'एवढेसे पिल्लू, त्याने काय होणार' असे म्हणून सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही तीत भरू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. दंडात घ्यावयाच्या लसीचे डोस शून्य, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर त्वचेत घ्यावयाच्या लसीचे शून्य, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. 'शून्य' म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. रक्त आले असल्यास जखमेत तयार प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते. चावलेले मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे; मात्र त्यासाठी स्वतःची लस थांबवू नये. मांजराला रेबीजची लस दिलेली असली तरीही जखम धुणे आणि डॉक्टरांचा सल्ला घेणे चुकवू नये.

घरात आधीचे मांजर दगावले असेल तर

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू अत्यंत चिवट आहे. घरातील फटींत, सतरंजीत, लाकडी वस्तूंत तो वर्षभरही तग धरू शकतो. अशा घरात दुःख विसरण्यासाठी लगेच नवे पिल्लू आणणे म्हणजे तोच प्रसंग पुन्हा ओढवून घेणे होय. नवे मांजर आणायचेच असेल तर त्याचे लसीकरण आधी पूर्ण झालेले असावे.

जुने अंथरूण, शौचाचा ट्रे, लाकडी वस्तू शक्य तर टाकून द्याव्यात. फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासून घ्यावी, कारण मळ असेल तर जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही. मग धुलाईसाठी मिळणाऱ्या द्रवरूप ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून ते फरशीवर किमान दहा मिनिटे राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आपल्याकडे घरोघरी वापरले जाणारे फिनेल मात्र मांजराच्या घरात नको. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराला अपायकारक असतात. ओल्या फरशीवरून चालून पाय चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात ती सहज जातात.

पिल्लाला बाहेर केव्हा सोडावे?

१६ आठवड्यांनंतरचा डोस पडून एक-दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला घरातच ठेवावे. सोसायटीच्या आवारातील इतर मांजरांत मिसळू देऊ नये, त्यांच्या बशीतले खाऊ देऊ नये. घरातील माणसांनी बाहेरच्या मांजरांना खाऊ घातला असेल तर हात धुऊन आणि चपला दाराबाहेर ठेवूनच पिल्लाजवळ यावे. लसीकरण पूर्ण होत आले की नसबंदीबद्दलही पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे. मांजरी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

लस कोठे मिळेल?

शहरांत पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आता बहुतेक भागांत आहेत. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांची सेवा करीत आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशीही रुग्णालये जोडलेली आहेत. ग्रामीण भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्य भर गुराढोरांवर असतो. मांजराची त्रिगुणी लस तेथे असेलच असे नाही. जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि लस मागवावी लागणार असेल तर पुढचे डोसही वेळेवर मिळतील याची खात्री करून घ्यावी.

थोडक्यात

* पिल्लू घरी येताच वजन, वय व प्रकृतीची तपासणी. तिसऱ्या आठवड्यापासून जंतनाशक.
* सहा ते आठ आठवड्यांपासून त्रिगुणी लस. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुढील डोस.
* अखेरचा डोस १६ आठवड्यांच्या आत नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक.
* रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, वर्षाने बूस्टर.
* लसीनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे. कुपीचे वेष्टण कार्डावर चिकटवावे.
* अर्धी लस, कुत्र्याची लस, घरी टोचलेली लस यांपैकी काहीही नको.

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. पहिली लस टोचून कार्ड कपाटात ठेवून देणारा मालकही काहीसे तेच करीत असतो. ज्यांच्या घरी सध्या एखादे पिल्लू बागडत असेल, त्यांनी आज ते कार्ड काढून शेवटच्या डोसाची तारीख पाहावी. त्या दिवशी पिल्लू किती आठवड्यांचे होते, याचा हिशेब करावा. उत्तर १६ हून कमी येत असेल, तर लसीकरण अजून बाकी आहे.